कोलायटिस निघालाय आणि घरचे म्हणतायत ताक पी: नव्या पेशंटने सुरुवात कशी करायची

कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट हातात आला, त्यावर अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स लिहिलंय, आणि घरी पोचेपर्यंत चार जणांनी सांगितलेलं असतं की काही नाही गं, पोटातले चांगले जंतू मेलेत, दही-ताक सुरू कर, ती छोटी बाटली मिळते ना प्रोबायोटिकची ती रोज एक घे. मला हे 7 वर्षांपूर्वी सांगितलं गेलं. सांगणारी सगळी माझी माणसं होती, काळजीपोटीच सांगत होती, आणि त्यांचं पूर्ण चुकीचंही नव्हतं. पण जे मला तेव्हा कोणीतरी क्रमाने सांगायला हवं होतं ते इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, वाचून वाचून आणि स्वतःच्या पोटावर शिकलेली, त्यामुळे तुमच्या गॅस्ट्रोवाल्या डॉक्टरांचा शब्द माझ्या लिहिण्याच्या वर धरा.

पहिलं काम, आजाराचं नाव नीट समजून घ्या

आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) आणि आयबीडी (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज) यात एका अक्षराचा फरक आहे पण आजार फार वेगळे आहेत. आयबीएसमध्ये पोट दुखतं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठता, पण आतड्याला आतून जखम नसते. आयबीडीमध्ये आतड्याला खरोखरची सूज असते, व्रण असतात, रक्त पडतं, आव पडते, वजन उतरतं. त्यात परत दोन प्रकार, अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात, गुदाशयापासून सुरू होऊन वर सरकणारा आणि आतल्या अस्तरापुरता, आणि क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जाणारा. आपल्याकडे अजून एक भानगड असते, आतड्याचा टीबी आणि क्रोन्स तपासणीत एकमेकांसारखे दिसतात, त्यामुळे डॉक्टर बायोप्सी, परत बायोप्सी असं करत असतील तर वैतागू नका, ते गरजेचं असतं.

हे आधी का सांगतेय, कारण प्रोबायोटिकच्या बाबतीत कोलायटिसचं उत्तर वेगळं आणि क्रोन्सचं वेगळं येतं. नेटवर "पोटाच्या आजारावर प्रोबायोटिक गुणकारी" असं वाचाल तेव्हा बहुतेक वेळा ते आयबीएसबद्दल नाहीतर साध्या जुलाबाबद्दल असतं.

दुसरं, गोळ्यांना हात लावायचा नाही

ही पायरी मी मोडली होती. पहिल्या वर्षी मेसालामाइन (आतड्याची सूज उतरवणारी गोळी) चालू होतं, पाच महिने झाले, रक्त थांबलेलं, वजनही 4 किलो परत आलेलं. आत्या घरी आली होती, म्हणाली, अगं किती त्या गोळ्या खातेस, उष्णता वाढते अंगात, सकाळ-संध्याकाळ ताजं ताक पी आणि दे सोडून. मला तेच ऐकायचं होतं. ताक सुरू केलं, गोळ्या आधी अर्ध्या केल्या मग बंद. सहा आठवडे एकदम मस्त गेले आणि मला वाटलं सुटले मी. सातव्या आठवड्यात पहाटे मुरडा मारून जाग आली, आणि दुपारपर्यंत नऊ वेळा संडासला जाऊन आले, रक्त दिसलं. त्यानंतर स्टेरॉइडचा कोर्स झाला, तोंड सुजलं, झोप गेली. ताकाने फ्लेअर (आजार परत उसळणं) आणला नाही, गोळ्या सोडल्याने आला, पण त्या सहा आठवड्यांत मला दोन्हीतला फरक कळलाच नसता कारण रेमिशन (आजार शांत असलेला काळ) काही दिवसांत तुटत नाही, औषध सोडलं तरी आधीच्या औषधाच्या जोरावर काही काळ पोट बरं राहतं आणि त्याचं श्रेय आपण ताकाला देऊन मोकळे होतो. ही फसगत खूप जणांची होते. म्हणून मेसालामाइन, अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध), इंजेक्शनं, जे काही चालू असेल ते तसंच ठेवायचं, दही-ताक त्याच्या जोडीला.

आत्याला मी नंतर शांतपणे समजावलं, आता तीच फोनवर आधी विचारते, गोळी घेतलीस का गं.

तिसरं, दही वेगळं, ताक वेगळं, प्रोबायोटिक वेगळं

प्रोबायोटिक म्हणजे काय याची 2001 साली एफएओ आणि डब्ल्यूएचओने (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांनी) व्याख्या केली, त्याचा अर्थ असा की जिवंत जंतू, पुरेशा प्रमाणात, आणि ते घेतल्यावर तब्येतीला फायदा होतो असं दिसलेलं पाहिजे. तिन्ही अटी. आता आपल्या घरच्या दह्यात जिवंत जंतू भरपूर असतात, पण नेमके कोणते आणि किती हे तुमच्या विरजणावर, हवामानावर, भांड्यावर ठरतं, शेजारणीच्या दह्यात वेगळे आणि तुमच्यात वेगळे. त्यामुळे घरचं दही चांगलं अन्न आहे, पण "अमुक जंतू, अमुक डोस" असं काही त्याच्याबद्दल सांगता येत नाही. कढी केली की जंतू मेले, कढी चविष्ट आहे, पचायलाही बरी, पण प्रोबायोटिक नाही. श्रीखंडात साखरच इतकी की फ्लेअरनंतरच्या पोटाला नकोच.

बाटलीतलं फर्मेंटेड मिल्क यापेक्षा वेगळं, त्यात ठरावीक जातीचे जंतू मोजून घातलेले असतात. याकुल्टचंच बघा, जपानच्या मिनोरू शिरोता यांनी 1930 मध्ये एक जंतू वेगळा काढून वाढवला आणि 1935 पासून ते पेय विकायला आलं, आपल्याकडे मिळणाऱ्या 65 मिलीच्या बाटलीत 650 कोटी जंतू असतात. आणि जातीचं नाव महत्त्वाचं आहे, नुसतं लॅक्टोबॅसिलस म्हणणं म्हणजे नुसतं आंबा म्हणण्यासारखं, हापूस का रायवळ ते कळायला हवं. एका जातीवर झालेला अभ्यास दुसरीला लागू होत नाही, हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तर निम्म्या जाहिरातींपासून वाचाल.

चौथं, अभ्यास काय म्हणतात ते एकदा नीट वाचा

आंबवलेलं दूध आणि आतडं यांचं नातं शास्त्रात जुनं आहे, मेचनिकॉफ नावाच्या शास्त्रज्ञाने, ज्यांना 1908 चं नोबेल रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी मिळालं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बल्गेरियातल्या आंबट दुधाचा आणि दीर्घायुष्याचा संबंध मांडला होता. पण आयबीडीवरचं खरं काम जपानमध्ये झालं, आणि ती गोष्ट मला फार शिकवून गेली.

2003 मध्ये तिथे कोलायटिसच्या 21 पेशंटवर एक अभ्यास छापून आला. 11 जणांना त्यांच्या नेहमीच्या औषधांसोबत बिफिडो जंतूंचं आंबवलेलं दूध, रोज 100 मिली, वर्षभर दिलं, आणि 10 जणांना दिलं नाही. दूध घेणाऱ्या 11 पैकी 3 जणांचा आजार बळावला, न घेणाऱ्या 10 पैकी 9 जणांचा. बघा, 3 आणि 9! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्री दोन वाजता नवऱ्याला उठवून सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी 20 पेशंटवर 12 आठवड्यांचा अजून एक छोटा अभ्यास आला, त्यातही दूध घेणाऱ्यांची लक्षणं जास्त उतरली.

मग 2018 मध्ये मोठा अभ्यास आला. 195 पेशंट, सगळे रेमिशनमध्ये, अर्ध्यांना बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्ह आणि लॅक्टोबॅसिलस अॅसिडोफिलस असलेलं दूध आणि अर्ध्यांना तसंच दिसणारं पण त्या जंतूंशिवायचं पेय, कोणाला काय मिळतंय ते पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही, 48 आठवडे चालायचं ठरलेलं. मधेच आकडे तपासले तेव्हा दोन्ही गटांत फरकच दिसेना, म्हणून अभ्यास थांबवला. आजार परत बळावायला लागणारा वेळ दोन्हीकडे सारखाच.

मला वाईट वाटलं होतं हे वाचून, खोटं कशाला बोलू. पण विचार करा, 21 जणांत दोन-चार माणसं इकडची तिकडे झाली की चित्र पालटतं, आणि त्या पहिल्या अभ्यासात आपण दूध पितोय हे पेशंटला माहीत होतं. म्हणून छोट्या अभ्यासावर जीव टाकायचा नाही.

मग प्रोबायोटिकचा कोलायटिसमध्ये काहीच उपयोग नाही का, तर तसंही नाही. युरोपात ई. कोलाय निसल 1917 नावाच्या जंतूच्या कॅप्सूल आहेत, पहिल्या महायुद्धातल्या एका सैनिकाच्या आतड्यातून आल्फ्रेड निसल यांनी तो काढला होता, आणि 2004 मध्ये 327 पेशंटवर वर्षभर मेसालामाइनशी त्याची तुलना झाली, आजार परत बळावला तो निसलवाल्यांत 36.4 टक्के आणि मेसालामाइनवाल्यांत 33.9 टक्के जणांचा, म्हणजे जवळजवळ सारखाच. आणि आपल्या भारतातल्याच डॉक्टरांनी 2009 मध्ये 147 पेशंटवर व्हीएसएल थ्री नावाचं आठ जंतूंचं मिश्रण वापरून पाहिलं, 12 आठवड्यांनी 42.9 टक्के पेशंट रेमिशनमध्ये आले, नुसती पावडर मिळालेल्या गटात 15.7 टक्के. (त्या नावाने आज जे मिळतं ते आणि तेव्हाचं मिश्रण एकच आहे असं धरून चालू नका, मधल्या काळात मालकी आणि फॉर्म्युला दोन्ही बदललंय.)

पण त्यातला डोस बघा. एका वेळेला 3.6 लाख कोटी जंतू, दिवसातून दोनदा. आता 650 कोटीच्या बाटलीने भागाकार करा, एका वेळच्या डोसला साडेपाचशेच्या वर बाटल्या होतात. जाती वेगळ्या आहेत त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही हे मान्य, तरी अंदाज येतो की औषध म्हणून जे तपासलं गेलं आणि फ्रिजमधली बाटली यांच्यात किती अंतर आहे.

क्रोन्सवाल्यांना मात्र सरळच सांगते, तिथे पुरावा कमजोर आहे. 165 पेशंटवर सॅकरोमायसिस बुलार्डी नावाचं यीस्ट वर्षभर देऊन पाहिलं, फायदा दिसला नाही. तुर्कस्तानात केफिर (ताकासारखं आंबवलेल्या दुधाचं पेय) रोज 400 मिली, चार आठवडे देऊन झालेल्या एका छोट्या अभ्यासात क्रोन्सवाल्यांचं सीआरपी (रक्तातलं सुजेचं माप) उतरलं आणि बरं वाटलं, पण परत तेच, मोजकीच माणसं आणि थोडेच दिवस. अमेरिकेतल्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2020 मध्ये तर असं सांगितलं की कोलायटिस आणि क्रोन्स दोन्हींत प्रोबायोटिक फक्त अभ्यासाचा भाग म्हणूनच द्यावं.

मग मी तरी रोज दही का खाते? कारण ते अन्न आहे. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, भीतीपोटी आपण दूधदुभतं बंद करतो, कॅल्शियम जातं, प्रोटीन जातं, आणि सहा महिन्यांनी पाठ धरते. 100 ग्रॅम दह्यात 3 ते 4 ग्रॅम प्रोटीन मिळतं, आंबवताना दुधातली काही साखर जंतू खाऊन टाकतात आणि उरलेली पचवायलाही मदत करतात, म्हणून ज्यांना नुसतं दूध सोसत नाही त्यातल्या बऱ्याच जणांना दही चालतं. आपल्या आजारात एवढं मिळालं तरी खूप आहे.

पाचवं, कधी सुरू करायचं आणि कोणी थांबायचं

फ्लेअर चालू असताना, दिवसाला सहा-आठ वेळा जावं लागतंय, रक्त आहे, तेव्हा नवीन काहीच सुरू करू नका. सुजलेल्या आतड्याला तेव्हा दुधातली साखर पचत नाही, विशेषतः क्रोन्स लहान आतड्यात असेल तर, आणि त्याने गॅस-जुलाब वाढले की आजार वाढला का दही बाधलं हे कळणार नाही. पोट शांत होऊ द्या, किमान तीन-चार आठवडे. जमलं तर शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट (आतड्यातली सूज दाखवणारी) करून घ्या, साधारण 50 च्या आत असेल तर आत शांत आहे, 250 च्या वर असेल तर वरून बरं वाटत असलं तरी सूज असण्याची शक्यता जास्त.

स्टेरॉइडचा मोठा डोस, अझाथायोप्रिन, बायोलॉजिक इंजेक्शनं चालू असलेल्यांनी, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत ठेवलेली नळी) लावलेल्यांनी, दवाखान्यात अॅडमिट असलेल्यांनी प्रोबायोटिकची बाटली किंवा सॅशे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. जिवंत जंतू म्हणजे जिवंत जंतू, प्रतिकारशक्ती दाबलेली असेल तर क्वचित तेच रक्तात उतरल्याच्या केसेस आहेत. 2008 मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास छापून आला, आजार वेगळा होता, स्वादुपिंडाची गंभीर सूज, पण प्रोबायोटिक दिलेल्या गटात 16 टक्के पेशंट दगावले आणि न दिलेल्यांत 6 टक्के. नैसर्गिक आहे म्हणून अपाय नाही असं नसतं.

सहावं, घरचं दही-ताक, माझी पद्धत

दूध पिशवीचं असो का गवळ्याचं, चांगलं उकळून घ्यायचं, कच्च्या दुधाचं काहीही आपल्याला नाही. मग करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आलं आणि चटका बसला नाही की ते कोमट, थर्मामीटर असेल तर 40 ते 43 डिग्री. यापेक्षा बरंच गरम दुधात विरजण घातलं की जंतू मरतात आणि सकाळी पाणी सुटलेलं, ताराळ काहीतरी हाती लागतं. अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण, आधी थोड्या दुधात मोडून मग सगळ्यात मिसळायचं. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागतं, थंडीत भांडं रात्रभर पिठाच्या डब्यात नाहीतर टॉवेलात गुंडाळून ठेवा. लागलं की लगेच फ्रिज, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा. विरजण दर महिन्याला बदला, भांड्याच्या कडेला गुलाबी किंवा काळपट ठिपका दिसला तर वरवर काढून खाऊ नका, अख्खं टाकून द्या, इथे कंजुषी नको.

ताक मात्र पातळ हवं, एक भाग दही आणि तीन भाग उकळून गार केलेलं पाणी, लोणी काढलेलं, वर चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. लग्नातला मठ्ठा, ज्यात हिरवी मिरची आलं वाटून घातलेलं असतं, तो पहिले काही महिने लांबच ठेवा, आणि रस्त्यावरचं बर्फ घातलेलं ताक कधीच नको, त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा ते कोणाला माहीत.

पहिले तीन दिवस दुपारच्या जेवणात दोन चमचे दही भाताबरोबर. काही त्रास नाही तर पुढचे चार दिवस अर्धी वाटी. मग एक वाटी, आणि दोन-तीन आठवडे तिथेच थांबायचं. रिकाम्या पोटी नको, रात्री उशिरा नको. बाटली घ्यायची असेल तर दह्याबरोबर एकदम सुरू करू नका, एका वेळेला एकच नवीन गोष्ट, दोन आठवड्यांचं अंतर. पहिले चार-पाच दिवस थोडा गॅस, थोडं गुडगुड होतं, ते चालतं.

सातवं, लेबल

चार गोष्टी बघा. जंतूचं पूर्ण नाव, जातीसकट. संख्या, आणि ती एक्स्पायरीच्या तारखेपर्यंतची आहे का बनवतानाची. साखर किती, कारण कितीतरी पेयं गोडच असतात आणि डायबिटीस असेल किंवा स्टेरॉइडने शुगर वाढलेली असेल तर ती मोजावी लागते. आणि दुकानात ती फ्रिजमध्ये होती का काउंटरवर. मे महिन्यात एका दुकानात मला कोमट बाटली दिली होती, वर म्हणे घरी जाऊन फ्रिजमध्ये ठेवा मॅडम. परत दिली मी. बाहेरदेशी राहणाऱ्यांना केफिर सहज मिळतो, तोही याच नियमाने, बिनसाखरेचा आणि चमच्यापासून सुरुवात.

महाग वाटत असेल तर बाटली सोडून द्या, खरंच. तेच पैसे कॅलप्रोटेक्टिनच्या टेस्टला आणि गोळ्यांना ठेवा. बंद केल्यावर हे जंतू आठवड्या-दोन आठवड्यांत शरीरातून निघूनही जातात, ते मुक्कामाला येत नाहीत, त्यामुळे महिनाभर घेऊन सोडलं तर पुढे त्यातलं काही उरत नाही.

आठवं, वही

ही सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात कामाची पायरी. शाळेची साधी चौकटीची वही, रोज एक ओळ: किती वेळा गेले, रक्त होतं का, पोटदुखी दहापैकी किती, गोळ्या घेतल्या का, दही किती, वेगळं काय खाल्लं, झोप कशी. माझ्या वहीतली एक ओळ सांगते, "14 मार्च, 2 वेळा, रक्त नाही, दुखणं 1, गोळ्या तिन्ही, दही 1 वाटी, ऑफिसात पावभाजी." आणि पुढच्या तीन दिवसांच्या ओळी वाचल्यावर कळलं की त्या आठवड्यात मी दह्याला उगाच दोष देत होते, त्रास पावभाजीचा होता. मोबाइलवर लिहा हवं तर, पण लिहा, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर दहा मिनिटांत आपल्याला काही आठवत नाही.

दही-ताक किंवा बाटली सुरू केल्यावर रक्त दिसलं, रात्री झोपेतून उठून जावं लागलं, ताप आला, किंवा आठवडाभर पोट फुगलेलंच राहिलं तर ते नवीन जे काही आहे ते बंद करा, गोळ्या चालू ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा, वाट बघत बसू नका. ताप आणि थंडी वाजून येत असेल आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि तिथे गेल्या गेल्या सांगा की मी प्रोबायोटिक घेत होते, बाटलीचा नाहीतर पाकिटाचा फोटो दाखवा, कारण कल्चर टेस्ट (रक्तात कोणते जंतू आहेत ते बघणारी) लावताना त्यांना ते माहीत असलेलं लागतं.

आणि पुढच्या अपॉइंटमेंटला जाताना वहीची शेवटची चार पानं आणि पाकीट पिशवीत टाका, चप्पल घालायच्या आधी, नाहीतर राहतं.